काजळीची साक्ष : कार्बनमधील अव्यवस्था मोजण्याचा इतिहास

#थ्रेड

१/ ७ मार्च २००२ रोजी लंडनच्या ‘नेचर’ साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. दोहोंचा विषय एकच होता. पश्चिम ऑस्ट्रेलियातील मार्बल बार गावाजवळ सुमारे ३४६.५ कोटी वर्षे जुना, गारेसारखा कठीण ‘चर्ट’ खडक आहे. त्यात सूक्ष्म, काळपट तंतू आढळले होते. एका निबंधाने त्यांना पृथ्वीवरील सर्वांत प्राचीन जीवांचे अवशेष म्हटले. दुसऱ्याने ते जीवाश्मच नव्हेत, असे प्रतिपादन केले.

२/ पहिल्या पक्षाचे अग्रणी होते लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्यम शॉप्फ आणि दुसऱ्याचे ऑक्सफर्डचे मार्टिन ब्रेझियर. शॉप्फ यांनी पुरावा म्हणून लेसरच्या प्रकाशात टिपलेला कार्बनचा रामन वर्णपट पुढे केला. त्यातील दोन पट्ट्यांच्या आधारे जीवसृष्टीच्या आरंभाविषयीचा दावा मांडला जात होता. या दोन पट्ट्या काय सांगू शकतात आणि काय सांगू शकत नाहीत, हे उमगण्यास सात दशके लागली. त्याचा हा वृत्तांत.

३/ प्रथम कार्बनविषयी. हिरा आणि ग्रॅफाइट ही त्याची दोन सुपरिचित स्फटिकरूपे. ग्रॅफाइटमध्ये अणूंच्या षट्कोनी जाळीचे सपाट थर वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात. ही रचना जॉन डेस्मंड बर्नाल यांनी १९२४ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित केली. परंतु जगातील बहुतेक काळा कार्बन इतका शिस्तबद्ध नसतो. लोणारी कोळसा, काजळी, कोक यांत हीच जाळी असते. मात्र तिचे तुकडे अतिशय लहान, वाकडेतिकडे आणि विस्कटून पडलेल्या पानांसारखे असतात.

४/ त्यामुळे ‘हा कार्बन कोणता?’ याहून ‘हा कार्बन कितपत सुव्यवस्थित?’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. पोलादाच्या विद्युत भट्टीतील विद्युतदांडे, अणुभट्टीतील ग्रॅफाइटच्या विटा, विमानाच्या भागांसाठी लागणारे कार्बनचे धागे, विजेरीतील ऋण टोक या साऱ्यांचे गुण अणूंच्या त्या शिस्तीवर अवलंबून असतात. रासायनिक पृथक्करण येथे निरुपयोगी ठरते, कारण उत्तर प्रत्येक वेळी ‘कार्बन’ असेच येते.

५/ या प्रश्नाला पहिले भक्कम उत्तर दिले क्ष-किरण विवर्तनाने. स्फटिकाचे तुकडे मोठे असतील तर क्ष-किरणांच्या रेषा रेखीव उमटतात. तुकडे लहान होत गेले की त्या रेषा पसरट होतात. रेषेच्या रुंदीवरून तुकड्याचा आकार काढता येतो. या शास्त्राला शिखरावर नेणाऱ्यांत एक नाव आहे रोझलिंड फ्रँकलिन यांचे. डीएनएच्या संदर्भात ते सर्वांना ठाऊक असते. त्यांचे आधीचे काम मात्र कोळशावरचे होते.

६/ दुसऱ्या महायुद्धात फ्रँकलिन ब्रिटनमध्ये कोळशाच्या सच्छिद्रतेवर संशोधन करीत होत्या. १९४७ ते १९५० या काळात पॅरिसच्या शासकीय रसायन प्रयोगशाळेत त्यांनी निरनिराळे कार्बन तापवून क्ष-किरणांनी तपासले. १९५१ मध्ये त्यांनी दाखवून दिले की कार्बनांचे दोन वर्ग पडतात. काही कार्बन तापवले की त्यांतील तुकडे वाढत जाऊन ग्रॅफाइट बनते. काही मात्र ३००० अंश सेल्सिअसपर्यंत नेले तरी विस्कटलेलेच राहतात. कारण त्यांच्या तुकड्यांना एकमेकांशी जखडणारे बंध आरंभीच तयार झालेले असतात.

७/ या पद्धतीला मर्यादाही होती. त्या काळी क्ष-किरणांसाठी पुरेशी भुकटी लागे आणि उत्तर साऱ्या भुकटीची सरासरी असे. एखाद्या धाग्याच्या पृष्ठभागावर काय आहे, खडकातील केसाहून बारीक तंतूत काय आहे, हे तिला विचारता येत नसे. त्यासाठी दुसरा साक्षीदार हवा होता. तो कोलकात्यात २८ फेब्रुवारी १९२८ रोजीच सापडला होता, पण काळ्या कार्बनपुढे तेव्हा तो मुका होता.

८/ कोलकात्याच्या बहूबाजार रस्त्यावरील ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन प्रकाशाच्या प्रकीर्णनाचा, म्हणजे पदार्थावर पडून विखुरणाऱ्या प्रकाशाचा, अभ्यास करीत होते. विखुरलेल्या प्रकाशाचा फार थोडा अंश आपला रंग किंचित बदलून बाहेर पडतो, हे त्यांना आढळले. प्रकाश जाता जाता पदार्थातील अणूंना कंप देतो. त्या कंपनाइतकी ऊर्जा त्याच्यातून वजा होते. बदललेला रंग हा त्या कंपनाचा ठसा असतो.

९/ हा ठसा मोजण्याचे एकक म्हणजे तरंगसंख्या, एका सेंटीमीटरमध्ये बसणाऱ्या तरंगांची संख्या. पुढील सर्व आकडे याच एककात आहेत. आकडा जितका मोठा, तितके ते कंपन अधिक वेगाचे. प्रत्येक पदार्थाच्या बंधांची बळकटी निराळी, म्हणून त्याचे आकडेही निराळे. रामन यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि जगभरच्या प्रयोगशाळांत द्रव, वायू, स्फटिक यांचे रामन वर्णपट टिपले जाऊ लागले.

१०/ १९३० मध्येच सी. रामस्वामी यांनी हिऱ्याचा रामन वर्णपट टिपला. त्यात १३३२ च्या सुमारास एकच ठळक, रेखीव रेषा होती. हिऱ्यातील प्रत्येक अणूचा शेजार सारखाच असतो. त्यामुळे वर्णपटही असा एकसुरी. पुढे रामन स्वतः बंगळूरला अनेक वर्षे हिऱ्याच्या अभ्यासात रमले. हिरा पारदर्शक असल्याने त्याची साक्ष घेणे त्या मानाने सोपे होते.

११/ ग्रॅफाइटचे तसे नव्हते. काळा पदार्थ प्रकाश गिळून टाकतो. उरलासुरला प्रकाश केवळ वरच्या पातळ थरातून परततो आणि त्यातही रंग बदललेला अंश नाममात्र. पाऱ्याच्या दिव्याच्या प्रकाशात ही खूण टिपणे दुरापास्त होते. १९६० मध्ये पहिला लेसर पेटला. एकाच रंगाचा, एका बिंदूवर एकवटणारा प्रखर प्रकाश हाती आला आणि काळ्या कार्बनलाही वाचा फुटली.

१२/ १९७० मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातून एफ. टुइन्स्ट्रा आणि जे. एल. केनिग यांचा ग्रॅफाइटच्या रामन वर्णपटावरील निबंध प्रसिद्ध झाला. ग्रॅफाइटच्या एकसंध स्फटिकात त्यांना १५७५ जवळ एकच रेषा दिसली. परंतु व्यापारी ग्रॅफाइट, सक्रिय कोळसा, दिव्याची काजळी आणि काचेसारखा कार्बन यांत १३५५ जवळ आणखी एक रेषा उमटत होती. शुद्ध स्फटिकात तिचा मागमूस नव्हता.

१३/ पहिल्या रेषेला पुढे ‘जी’ पट्टी म्हटले गेले, ग्रॅफाइटच्या आद्याक्षरावरून. दुसरी ‘डी’ पट्टी, अव्यवस्था या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या आद्याक्षरावरून. ‘डी’ पट्टी हिऱ्याच्या १३३२ च्या रेषेजवळ पडते आणि हिऱ्याच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षरही तेच आहे. तरीही तिचा हिऱ्याशी संबंध नाही. ‘जी’ म्हणजे शेजारच्या दोन अणूंचे एकमेकांना ताणणारे कंपन. ‘डी’ म्हणजे सहा अणूंच्या कड्याचे श्वासासारखे फुगणे आणि आकसणे.

१४/ अखंड जाळीत ही फुगण्या-आकसण्याची लय अशी असते की एका जागचा परिणाम दुसऱ्या जागच्या परिणामाने पुसला जातो आणि प्रकाशावर ठसा उमटत नाही. जाळी जेथे तुटते, तेथे मात्र हा हिशेब जुळत नाही आणि ‘डी’ पट्टी प्रकट होते. म्हणजे नियमानुसार जी दिसायलाच नको ती रेषा, नियम मोडल्याची खूण म्हणून दिसते. सुव्यवस्था मोजायला शास्त्रज्ञांनी अव्यवस्थेचीच साक्ष काढली.

१५/ टुइन्स्ट्रा आणि केनिग यांनी याच पदार्थांतील तुकड्यांचे आकार क्ष-किरणांनी मोजले आणि ‘डी’च्या तीव्रतेला ‘जी’च्या तीव्रतेने भागले. तुकडा जितका लहान, तितके हे गुणोत्तर मोठे. संबंध सरळ व्यस्त प्रमाणाचा. शेतकऱ्याला हे सहज पटेल. एका एकराचे जितके लहान वाफे पाडावेत, तितकी बांधांची एकूण लांबी वाढते. ‘डी’ पट्टी बांध मोजते, ‘जी’ पट्टी रान मोजते.

१६/ या सूत्राने मोठी सोय झाली. १९८९ मध्ये डायान नाइट आणि विल्यम व्हाइट यांनी त्याला सुटसुटीत रूप दिले. ५१४.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा लेसर वापरला, तर ४.४ ला गुणोत्तराने भागावे. येईल ती तुकड्याची नॅनोमीटरमधील रुंदी. दरम्यान १९७० च्या दशकाच्या मध्यावर फ्रान्समधील लील येथे रामन यंत्राला सूक्ष्मदर्शक जोडला गेला होता. चिमूटभर भुकटीचीही आता गरज उरली नाही. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा ठिपका पुरेसा होता.

१७/ सोयीबरोबर धोकाही आला. १९७० च्या निबंधाने हे मापन कोणत्याही कार्बनच्या पृष्ठभागाला लागू होईल, असे सुचवले होते. मूळ पडताळणी मात्र ग्रॅफाइटशी नाते टिकवून असलेल्या, बऱ्यापैकी मोठ्या तुकड्यांच्या पदार्थांवर झाली होती. पुढे तेच सूत्र पार विस्कटलेल्या कार्बनलाही लावले जाऊ लागले. भागाकार करता येतो, उत्तर येते, आकडा सुबक दिसतो. तो आकडा कशाचा, हे विचारण्याची सवय मागे पडली.

१८/ पहिली कुरबूर १९८१ मध्ये ऐकू आली. आर. पी. विदानो आणि सहकाऱ्यांनी दाखवले की लेसरचा रंग बदलला की ‘डी’ पट्टी आपली जागाच बदलते. हे विलक्षण होते. रामन रेषा पदार्थाची असते, दिव्याची नव्हे, हा तर या शास्त्राचा पाया. येथे मात्र प्रकाशाची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टने वाढवली की पट्टी सुमारे ५० तरंगसंख्या पुढे सरकत होती.

१९/ याचा सर्वमान्य उलगडा २००० मध्ये बर्लिनच्या क्रिस्टियान थॉमसेन आणि स्टेफनी राइश यांनी मांडला. प्रकाश शोषलेला इलेक्ट्रॉन एका कंपनाच्या धक्क्याने जाळीतील एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जातो. परतीची वाट त्याला फक्त दोषाच्या जागी मिळते, म्हणून निर्दोष जाळीत ‘डी’ नाही. कोणते कंपन निवडले जाईल, हे प्रकाशाच्या ऊर्जेवर ठरते, म्हणून रंग बदलला की पट्टी सरकते. टिपल्यानंतर तीस वर्षांनी या रेषेचा स्वभाव कळला.

२०/ त्याच वर्षी केंब्रिजच्या आंद्रेआ फेरारी आणि जॉन रॉबर्टसन यांनी अधिक व्यावहारिक इशारा दिला. तुकडे सुमारे २ नॅनोमीटरपर्यंत लहान होत जातात, तोवर ‘डी’चे प्रमाण वाढते. त्याहून पुढे अव्यवस्था वाढली की षट्कोनी कडीच मोडू लागतात. कडीच उरली नाहीत, तर फुगणार आणि आकसणार कोण? मग ‘डी’ पट्टी पुन्हा क्षीण होते. अव्यवस्था वाढत असताना गुणोत्तर उतरू लागते.

२१/ याचा अर्थ असा की एकच गुणोत्तर दोन वेगळ्या पदार्थांचे असू शकते. समजा, हिरव्या लेसरने गुणोत्तर १ आले. जुन्या सूत्राने तुकडा ४.४ नॅनोमीटरचा ठरतो. फेरारी आणि रॉबर्टसन यांच्या दुसऱ्या सूत्राने १.३ ते १.४ नॅनोमीटरचा. चढावरचा कार्बन की उतारावरचा, हे गुणोत्तर सांगत नाही. त्यासाठी ‘जी’ पट्टीची जागा आणि रुंदी पाहावी लागते. फार विस्कटलेल्या कार्बनमध्ये ती रुंदावते आणि १५८० च्या खालीही घसरते.

२२/ २००६ मध्ये ब्राझीलच्या लुईझ गुस्ताव्हो कॅन्सादो आणि सहकाऱ्यांनी दाखवले की गुणोत्तर लेसरच्या तरंगलांबीच्या चौथ्या घाताने बदलते. ५१४.५ ऐवजी ६३३ नॅनोमीटरचा लाल लेसर लावला, तर त्याच नमुन्याचे गुणोत्तर सुमारे २.३ पट होते. शिवाय कोणी पट्टीची उंची मोजतो, कोणी क्षेत्रफळ. लेसर आणि मोजण्याची रीत न सांगता दिलेले गुणोत्तर म्हणजे तारीख आणि गावाचे नाव नसलेले पत्र.

२३/ याच रेषांनी विश्वासार्ह साक्ष दिल्याचे उत्तम उदाहरणही आहे. २००२ मध्येच ओलिव्हिए बेसाक आणि सहकाऱ्यांनी खडकांतील कार्बनचा तापमापक तयार केला. गाळाच्या खडकातील सेंद्रिय अंश जमिनीखालच्या उष्णतेने हळूहळू ग्रॅफाइटकडे झुकतो आणि खडक थंड झाला तरी मागे फिरत नाही. त्यामुळे रामन पट्ट्या त्या खडकाने सोसलेल्या कमाल तापमानाची नोंद जपून ठेवतात. हे मापन ३३० ते ६५० अंशांच्या दरम्यान, सुमारे ५० अंशांच्या फरकाने चालते.

२४/ हे का जमले? कारण ज्या खडकांचे तापमान त्यांतील खनिजांवरून स्वतंत्रपणे ठाऊक होते, त्यांवर हा तापमापक आधी पडताळला गेला. त्याची व्याप्ती आणि चूक दोन्ही सांगितली गेली. प्रश्नही साक्षीदाराच्या आवाक्यातला होता. कार्बनमधील सुव्यवस्था तापमानाने घडते. म्हणून सुव्यवस्था पाहून तापमान विचारणे रास्त आहे.

२५/ आता पुन्हा मार्बल बारच्या खडकाकडे. शॉप्फ यांनी १९९३ मध्ये या तंतूंचे ११ प्रकार वर्णिले होते. ब्रेझियर यांनी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील तेच नमुने पुन्हा तपासले. हा खडक समुद्रतळाचा गाळ नसून उष्ण द्रावांच्या शिरेत तयार झाला, आणि तंतू हे विस्कटलेल्या ग्रॅफाइटला आलेले आकार आहेत, असे त्यांचे मत पडले. शॉप्फ यांचे उत्तर असे: रामन वर्णपटात ‘डी’ आणि ‘जी’ दोन्ही पट्ट्या आहेत, तंतू प्राचीन सेंद्रिय कार्बनचे आहेत, आणि त्यांचा आकार जीवांचा आहे.

२६/ डिसेंबर २००२ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील जिल पास्टेरिस आणि ब्रिजिट वोपेन्का यांनी त्याच साप्ताहिकात या साक्षीची उलटतपासणी केली. त्यांचा मुद्दा नेमका होता. या दोन पट्ट्या सांगतात की येथे विस्कटलेला कार्बन आहे. तो कार्बन जीवापासून आला की निर्जीव रासायनिक क्रियेतून, हे त्या सांगत नाहीत. दोन्हींचे वर्णपट सारखे असू शकतात. रामन वर्णपट कार्बनची आजची अवस्था सांगतो, त्याचे कुळ नव्हे.

२७/ गुंता पुढेही वाढला. २०११ मध्ये कॅन्सस विद्यापीठाच्या संशोधकांना याच चर्टमधील तंतूंसारख्या काही रचना गार आणि हेमॅटाइट या लोहखनिजाने भरलेल्या बारीक भेगा असल्याचे आढळले. हेमॅटाइटची एक रामन पट्टी १३२० जवळ, म्हणजे ‘डी’च्या शेजारीच पडते. केवळ तेवढी एक पट्टी पाहणारा लोखंडाला कार्बन समजू शकतो.

२८/ ब्रेझियर डिसेंबर २०१४ मध्ये निवर्तले. त्यांच्या गटाचा एक निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात हे तंतू पापुद्र्यांसारख्या खनिजांचे थर असून त्यांवर कार्बन नंतर चिकटला, असे मांडले होते. डिसेंबर २०१७ मध्ये शॉप्फ यांनी निराळा पुरावा आणला: एकेका तंतूतील कार्बनच्या समस्थानिकांचे मोजमाप. त्यांच्या मते ते जीवांशी जुळते. वाद त्यानेही मिटला नाही. पण आता प्रश्न योग्य साक्षीदाराला विचारला जात होता.

२९/ मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला ही कथा परकी वाटू नये. अस्सल पत्रालाही त्याच्या आवाक्याबाहेरचा प्रश्न विचारला की ते निरुत्तर होते. पत्र लिहिणाऱ्याला काय दिसत होते, ते कुठून आणि कोणासाठी लिहिले गेले, हे पाहिल्याशिवाय त्याचा आधार घेतला जात नाही. कार्बनच्या दोन पट्ट्यांनाही हीच साधनचिकित्सा लागू पडते: लेसर कोणता, मापन कसे, कार्बन चढावरचा की उतारावरचा, शेजारी दुसरे खनिज आहे काय.

३०/ १९७० चे सूत्र आजही खोटे ठरलेले नाही. ज्या पदार्थांवर ते घडले, त्यांवर ते चालते. विजेरीचा कार्बन, कार्बनचे धागे, ग्रॅफीनचे एकेरी थर यांची पारख जगभर याच दोन पट्ट्यांनी होते. काजळी खोटे बोलत नाही. तिला माहीत असते ते एवढेच, की तिची जाळी किती तुटली आहे. ती कोणी तोडली आणि मुळात कोणी विणली, हे विचारायला दुसऱ्या दारी जावे लागते.